अ‍ॅम्पच्या अलीकडे आणि पलीकडे: सॉफ्टवेअरमधून इलेक्ट्रिक गिटारचा चांगला टोन

अ‍ॅम्प सिम्युलेशनचे, म्हणजे गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरची संगणकावर नक्कल करणारे, सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडणारा बहुतेक प्रत्येक गिटारवादक एकाच वाटेने जातो. पडद्यावर मार्शल, फेंडर, व्हॉक्स या कंपन्यांच्या अ‍ॅम्पच्या धर्तीची देखणी चित्रे दिसतात, तो एकेक प्रीसेट (आधीच बेतून ठेवलेला टोन) वाजवून पाहतो, कोणताच मनासारखा लागत नाही आणि तासाभराने त्याची खात्री पटते की दोष अ‍ॅम्पच्या नकलेतच आहे. मग दुसरे सॉफ्टवेअर, मग तिसरे. माझ्या अनुभवात मात्र अ‍ॅम्पची नक्कल हा या साखळीतला सर्वांत कमी दगा देणारा दुवा आहे. टोन बिघडतो तो दोन टोकांना. एक टोक अ‍ॅम्पच्या अलीकडचे, जिथे गिटारचा सिग्नल संगणकात शिरतो. दुसरे पलीकडचे, जिथे कॅबिनेट (स्पीकरची पेटी), माइक आणि आपले कान येतात. म्हणून अ‍ॅम्पच्या बटणांना या लेखात मधली थोडीच जागा दिली आहे.

त्याआधी आपली अपेक्षा तपासून घ्यावी. खोलीत ठेवलेल्या अ‍ॅम्पसमोर उभे राहून जो आवाज ऐकू येतो, तो हे सॉफ्टवेअर देत नाही. ते देते स्पीकरच्या जाळीला जवळजवळ चिकटवून ठेवलेल्या माइकने टिपलेला आवाज, म्हणजे रेकॉर्डवर ऐकू येणारी गिटार. खोलीतला अ‍ॅम्प पायांना जाणवतो, त्याचा आवाज भिंतींवरून फिरून येतो आणि आपले कान बहुधा स्पीकरच्या बरेच वर असतात, त्यामुळे त्याचा तीव्र, टोचणारा भाग आपल्यापर्यंत कमीच पोहोचतो. माइक तो सगळा टिपतो. वर्षानुवर्षे अ‍ॅम्पसमोर वाजवलेल्या माणसाला हेडफोनमधला आवाज कोरडा आणि कर्कश वाटतो, याचे निम्मे कारण हेच आहे.

अलीकडचे टोक

गंजलेल्या तारांतून कोणतेही सॉफ्टवेअर झळाळी काढू शकत नाही. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात भिंतीवर उघडी टांगलेली गिटार असेल, तर तारा पाहता पाहता निस्तेज होतात. रेकॉर्डिंगच्या आधी त्या बदलाव्यात. पिकअपची, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाची, उंचीही एकदा पाहावी. पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर चुंबक तारांना ओढतो आणि सूर डळमळल्यासारखा ऐकू येतो. शेवटच्या फ्रेटवर जाडी तार दाबून ती आणि पिकअप यांच्यामध्ये साधारण २ ते २.५ मिलिमीटर अंतर ठेवले, तर सुरुवातीला पुरेसे होते. तिथून कानाने वरखाली करावे.

यानंतर इंटरफेस, म्हणजे गिटारचा सिग्नल संगणकात नेणारी पेटी. त्यावर गिटारचे चित्र असलेले किंवा ‘इन्स्ट’ असे लिहिलेले एक लहानसे बटण असते आणि ते चालू असणे अत्यावश्यक आहे. साधा, बॅटरी नसलेला पिकअप म्हणजे बारीक तारेचे हजारो वेढे असलेले वेटोळे, आणि त्याला पुढच्या उपकरणाचा भार सोसत नाही. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पचे इनपुट सर्वसाधारणपणे १० लाख ओहमचे असते, इंटरफेसचे इन्स्ट्रुमेंट इनपुटही त्याच्या आसपास असते. लाइन इनपुट मात्र बहुधा १० हजार ओहमच्या घरात असते, आणि तिथे गिटार जोडली की तिचा तीव्र भाग जागीच विरतो. माझ्या पहिल्या इंटरफेसवर हे बटण बंद ठेवून मी जवळपास दोन महिने वाजवत होतो. प्रत्येक टोन गोधडीत गुंडाळल्यासारखा यायचा आणि मी प्रत्येक अ‍ॅम्पचा ट्रेबल वाढवत बसायचो. बटण सापडले त्या दिवशी तोवर जमवलेले सगळे प्रीसेट फेकून द्यावे लागले.

सिग्नलची पातळी हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. खऱ्या अ‍ॅम्पला गिटारमधून व्होल्ट मिळतात. सॉफ्टवेअरला व्होल्ट दिसत नाहीत. त्याला दिसतात फक्त इंटरफेसने दिलेले आकडे. तीच गिटार, तोच वादक आणि तोच प्रीसेट असला तरी एका इंटरफेसवर सिग्नलचे शिखर उणे १८ डेसिबलवर येईल आणि दुसऱ्यावर उणे ६ वर. पहिल्या ठिकाणी अ‍ॅम्प मरगळलेला वाटेल, दुसऱ्या ठिकाणी तो नको तितका फाटेल. ‘मीटर तांबड्याच्या जरा खाली येईल इतका गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) वाढवा’ हा गायनाच्या रेकॉर्डिंगमधून आलेला सल्ला इथे लागू करू नये. तसे केल्याने सिग्नल तांबड्यात गेला नाही तरी सॉफ्टवेअरची समजूत अशी होते की गिटारचा पिकअप आहे त्यापेक्षा कितीतरी जोरकस आहे.

योग्य पद्धत अशी. इंटरफेसचा गेन अगदी कमीत कमी ठेवावा. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये पार्श्वभूमीचा खरखराट इतका खाली असतो की कमी पातळीने काही बिघडत नाही. मग इंटरफेसच्या माहितीपत्रकात इन्स्ट्रुमेंट इनपुटची कमाल पातळी पाहावी. ती ‘डीबीयू’ या एककात दिलेली असते. सॉफ्टवेअर कोणत्या पातळीला बेतलेले आहे, तो आकडा अनेक निर्माते आपल्या मार्गदर्शिकेत देतात. समजा इंटरफेसची कमाल पातळी १४ डीबीयू आहे आणि सॉफ्टवेअर १२ डीबीयूला बेतलेले आहे. तर सॉफ्टवेअरच्या इनपुटचे बटण २ डेसिबलने वाढवावे. आकडे उलटे असतील तर तेवढेच कमी करावे. हे गणित एकदाच करायचे असते. त्यानंतर ते बटण प्रीसेटगणिक हलवू नये.

आकडे मिळाले नाहीत तर कानावर काम भागते. फेंडर डिलक्स रिव्हर्ब या अ‍ॅम्पच्या नकलेवर सिंगल कॉइलची (एकेरी वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार लावावी. व्हॉल्यूम तीनवर असताना आवाज स्वच्छ राहायला हवा, आणि सहाच्या पुढे जोरात छेडल्यावर तो फुटू लागायला हवा. तीनवरच करकर येत असेल तर पातळी जास्त आहे. दहावरही अ‍ॅम्प शांतच असेल तर कमी आहे.

गुणगुणीचाही बंदोबस्त इथेच करावा, कारण पुढे गेनमध्ये ती शेकडो पटींनी वाढते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने सिंगल कॉइल पिकअप ५०, १०० आणि १५० हर्ट्झची घरघर हमखास पकडतो. बसल्या जागी गिटारची दिशा फिरवून पाहावी, एखाद्या कोनात ती बरीच कमी होते. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज थांबत असेल तर रेकॉर्डिंगपुरता बॅटरीवर चालवावा. तारांना किंवा इंटरफेसच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर टोनचा विचार बाजूला ठेवून आधी घरातल्या तीन पिनच्या सॉकेटचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. उरलेल्या आवाजासाठी नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन) आहे, पण त्याची मर्यादा इतकीच चढवावी की लांबवलेला सूर विरताना मध्येच तुटणार नाही.

विलंबाबद्दल, म्हणजे तार छेडणे आणि आवाज कानावर येणे यांतल्या अंतराबद्दल, थोडक्यात. विंडोजवर इंटरफेसच्या निर्मात्याचा एएसआयओ (कमी विलंबाचा) ड्रायव्हर वापरावा. मॅकवर वेगळे काही करावे लागत नाही. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर (एका वेळी हाताळला जाणारा आवाजाचा तुकडा) म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, आणि जाण्यायेण्याचा सगळा हिशेब धरला तरी एकूण विलंब १० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बहुतेकांना तो खुपत नाही. हवेत आवाज ३ मिलिसेकंदांत जेमतेम १ मीटर जातो, म्हणजे मंचावर अ‍ॅम्पपासून तीन मीटर दूर उभा असलेला वादक एवढा विलंब रोजच सोसतो. इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटर मात्र आठवणीने बंद करावे, नाहीतर अ‍ॅम्पच्या आवाजाबरोबर गिटारचा कोरडा टणटणाटही कानावर पडतो आणि दोष पुन्हा सॉफ्टवेअरच्या माथी येतो.

मधला अ‍ॅम्प

टोन शोधताना वाजवणे आणि बटणे फिरवणे ही दोन कामे एकाच वेळी करू नयेत. गाण्यात जे वाजवायचे आहे त्याचे अर्धे मिनिट कोरडे, कोणत्याही प्रक्रियेविना रेकॉर्ड करावे, ते सतत फिरत ठेवावे आणि मग दोन्ही हात मोकळे ठेवून ऐकावे. सॉफ्टवेअरने खऱ्या अ‍ॅम्पवाल्यांपेक्षा आपल्याला अधिक दिलेली सोय हीच आहे, आणि ती वापरली जात नाही याचे मला कायम आश्चर्य वाटते.

उदाहरण म्हणून १९८१ पासून जेसीएम ८०० या नावाने विकल्या गेलेल्या मार्शल २२०३ ची नक्कल घेऊ, कारण ती जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या ना कुठल्या नावाने सापडते. प्रीअ‍ॅम्पचा गेन सहावर, बेस चारवर, मिडल सहावर, ट्रेबल पाचवर आणि प्रेझेन्स चारवर ठेवून सुरुवात करावी. मास्टर व्हॉल्यूम पाचच्या पुढे न्यायला घाबरू नये. १०० वॅटचा खरा अ‍ॅम्प एवढा उघडला तर इमारतीतले सगळे शेजारी दारात येतील; सॉफ्टवेअरमध्ये मात्र पॉवर अ‍ॅम्पच्या व्हॉल्व्हवर भार टाकून शेवटच्या आउटपुटच्या बटणाने आवाज हवा तितका उतरवता येतो. मास्टर नसलेल्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये, उदाहरणार्थ व्हॉक्स एसी ३० मध्ये, सगळी गंमत व्हॉल्यूम वर नेण्यातच आहे.

प्रत्येक अ‍ॅम्पची बटणे एकसारखी वागतात, असे समजू नये. फेंडरच्या जुन्या सर्किटमध्ये तिन्ही बटणे पाचवर ठेवली की आवाज सपाट होत नाही, मधल्या पट्ट्यात मोठा खड्डा असतो. मिडल दहावर नेऊन बेस आणि ट्रेबल शून्यावर आणले तर तो कुठे सपाटीच्या जवळ येतो. शिवाय ही बटणे एकमेकांत गुंतलेली असतात, ट्रेबल हलवला की मिडलचा परिणाम बदलतो. त्यामुळे आकडे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक बटण शून्यापासून दहापर्यंत एकदा फिरवून ते नेमके काय करते, हे ऐकून ठेवावे.

गेनबद्दल मात्र एक नियम मी सरसकट सांगतो. जेवढा हवासा वाटतो त्यापेक्षा तो थोडा कमी ठेवावा. एकट्याने वाजवताना जास्त गेन सुखावतो, चुका झाकतो, सूर लांबवतो; पण ढोल, बेस गिटार आणि गायन यांच्या सोबतीत तोच गेन छेडण्याची धार खाऊन टाकतो आणि गिटारचा लगदा होतो. जड संगीतात घट्टपणा हवा असेल तर गेन वाढवण्याऐवजी अ‍ॅम्पच्या आधी आयबानेझ ट्यूब स्क्रीमरच्या धर्तीचे पेडल लावावे, त्याचा ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल वर ठेवावी. हे पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला कमी गेन देते. त्यामुळे खर्जाचा गढूळपणा अ‍ॅम्पमध्ये शिरण्याआधीच गाळला जातो. विकृतीच्या (डिस्टॉर्शनच्या) आधी कापलेला बेस आणि नंतर कापलेला बेस यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. नंतर कापला तर गढूळपणा तसाच राहतो, फक्त बारीक होतो.

स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी तयार केलेले न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे विनामूल्य आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आज अनेकांच्या संगणकावर असते. ते खऱ्या अ‍ॅम्पचा एक नमुना टिपते, पण तो नमुना बटणांच्या एका ठरावीक स्थितीचा असतो. सॉफ्टवेअरमधली बेस, मिडल, ट्रेबलची बटणे त्या अ‍ॅम्पची नसून त्याच्या नंतर लावलेली असतात. गेन किंवा बटणांचे मूळ गणित पसंत नसेल तर ती फिरवत बसण्यापेक्षा दुसरा नमुना निवडावा. आणि नमुना केवळ अ‍ॅम्पच्या हेडचा (स्पीकरविना अ‍ॅम्पचा) आहे की कॅबिनेट आणि माइकसकट घेतलेला आहे, हे त्याच्या वर्णनात आधी वाचावे. कॅबिनेटसकट घेतलेल्या नमुन्यापुढे आणखी एक कॅबिनेट लावले तर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. केवळ हेडच्या नमुन्यापुढे कॅबिनेटच नसेल तर फोडणीची चरचर ऐकू येते.

पलीकडचे टोक

ती चरचर कशामुळे येते हे समजले की अर्धे काम होते. गिटारचा १२ इंची स्पीकर हा घरातल्या स्पीकरसारखा सगळे काही इमानदारीने वाजवणारा नसतो. सेलेस्टियन कंपनीच्या व्हिंटेज ३० या स्पीकरची घोषित मर्यादा ७० ते ५,००० हर्ट्झ इतकीच आहे. ५,००० च्या वर तो झपाट्याने गप्प होतो आणि विकृतीतून निर्माण झालेला सगळा बारीक कचरा त्याच्या कागदी शंकूतच अडकतो. म्हणजे स्पीकर हाच अ‍ॅम्पचा सर्वांत प्रभावी टोन कंट्रोल आहे. म्हणून प्रीसेट आवडला नाही तर अ‍ॅम्प बदलण्याआधी कॅबिनेट बदलून पाहावे. फरक बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

सॉफ्टवेअरमध्ये कॅबिनेट ‘इम्पल्स रिस्पॉन्स’च्या रूपात असते, बोलताना सगळे त्याला आयआर म्हणतात. एखादा स्पीकर, एखादा माइक आणि त्याची एक जागा यांचा तो मिळून काढलेला ठसा असतो. बाजारात त्यांच्या शेकड्यांच्या थैल्या मिळतात आणि तिथेच माणूस हरवतो. मी तीनच निकष लावतो. स्पीकर कोणता, माइक कोणता आणि माइक शंकूच्या मध्यापासून किती दूर. व्हिंटेज ३० मध्ये वरच्या मधल्या पट्ट्याला उठाव असतो, तो गर्दीतून वाट काढतो पण कधीकधी टोचतो. ग्रीनबॅक हा स्पीकर त्यापेक्षा मऊ आणि जुन्या वळणाचा. १९६५ पासून बाजारात असलेला शुअर एसएम ५७ हा माइक धार देतो, रिबन (धातूच्या पातळ पट्टीचा) माइक तीच धार बोथट करून खालचा गोडवा वाढवतो. माइक स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर असेल तर आवाज सर्वांत तीव्र येतो, आणि तो कडेकडे सरकवला तसा काळवंडत जातो. दोन-तीन सेंटिमीटरने होणारा फरक ट्रेबलच्या बटणाने होणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. म्हणून आवाज टोचत असेल तर आधी माइक टोपीच्या कडेवर न्यावा, नंतरच इक्वलायझरला (आवाजाचे पट्टे कमीजास्त करणाऱ्या साधनाला) हात लावावा.

दोन माइक मिसळण्याचा मोह आवरत नसेल तर ५७ आणि रिबन ही जोडी सुरक्षित आहे. दोन्ही एकत्र ऐकताना आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा झाला तर त्यांच्या पोहोचण्याच्या वेळा जुळत नाहीत, असे समजावे आणि एकाला किंचित मागेपुढे सरकवावे किंवा काढूनच टाकावे. एका चांगल्या माइकवर थांबण्यात कमीपणा नाही.

तुलना करताना दोन्ही आवाजांची पातळी कानाला सारखी करून घ्यावी, कारण जो मोठा तो चांगला, असा कौल कान नकळत देतो. किती मोठ्याने ऐकतो यालाही महत्त्व आहे. आवाज लहान असताना कानाला खर्ज आणि तीव्र भाग कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मनसन या ध्वनिसंशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले. रात्री अकरानंतर हेडफोनवर हळू आवाजात बनवलेल्या टोनमध्ये म्हणूनच बेस आणि ट्रेबल भरमसाट वाढवलेले असतात. तसाच एक लाडका प्रीसेट घेऊन मी बँडच्या सरावाला गेलो होतो. पहिल्याच गाण्यात खालचा भाग बेस गिटारने गिळला, वरचा झांजांनी, आणि मधला मी स्वतःच कापून ठेवलेला होता, त्यामुळे गिटार ऐकूच आली नाही. टोन पक्का करावा तो ढोल आणि बेस वाजत असताना, बोलण्यापेक्षा जरा मोठ्या पातळीवर.

यानंतर इक्वलायझरसाठी फार काम उरत नाही. गिटारची सर्वांत खालची मोकळी तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते. मिश्रणात बेस गिटार असेल तर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे सगळे निर्धास्त कापावे. वर ८ ते १० किलोहर्ट्झच्या पुढचेही कापावे, जुन्या स्पीकरच्या स्वभावाला ते धरूनच आहे. शिट्टीसारखा एखादा सूर टोचत असेल तर तो बहुधा २,५०० ते ४,५०० हर्ट्झमध्ये सापडतो. तिथे अरुंद पट्टा ३-४ डेसिबलने उतरवावा. अरुंद पट्टा वाढवून दोष हुडकण्याची सवय जपून वापरावी, कारण तसे वाढवले तर कोणतीही जागा वाईटच ऐकू येते आणि शेवटी टोनची चाळणी होते.

माइक स्पीकरला चिकटलेला असल्याने आयआरमध्ये खोली जवळजवळ नसते. अर्ध्या सेकंदाचा लहान खोलीचा रिव्हर्ब (घुमारा) अगदी कमी प्रमाणात, ‘बंद केल्यावरच कळावा’ इतका मिसळला तर हेडफोनवर वाजवणे एकदम सुसह्य होते. रुंद ऱ्हिदम गिटार हवी असेल तर एकच रेकॉर्डिंग कॉपी करून, एका प्रतीला किंचित उशीर देऊन, डावीउजवीकडे ठेवू नये. मोनोमध्ये, म्हणजे मोबाइलच्या एका स्पीकरवर, त्याचे काही भाग एकमेकांना खोडून काढतात. तोच भाग दोनदा वाजवावा, एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे ठेवावा, आणि दोन्हीकडे गेन एकट्या गिटारला ठेवला असता त्यापेक्षा कमी ठेवावा.

हाच टोन मंचावर न्यायचा असेल तर सिग्नल कुठे जाणार आहे हे आधी विचारून घ्यावे. तो सरळ मिक्सरमधून सभागृहाच्या स्पीकरवर जाणार असेल तर आयआर चालू ठेवावा. पॉवर अ‍ॅम्पमधून खऱ्या गिटार कॅबिनेटमध्ये जाणार असेल तर आयआर बंद करावा, आणि घरी आयआरनंतर लावलेला इक्वलायझरही त्याच्याबरोबर बंद करावा, कारण तो त्या माइकसाठी होता आणि मंचावर तो माइक नाही.